हवालदाराच्या नावापुढची फुली

आमच्या गावात सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं पुस्तक म्हणजे मतदार यादी, आणि ते बहुतेक मी एकट्यानंच वाचलंय. तीस-पस्तीस वर्षं एका पक्षाचं यादीचं काम केलं. भाषण कधी केलं नाही. माईकपुढं उभा राहिलो की जीभ टाळ्याला चिकटते. साधा ग्रामपंचायतीचा सदस्यही झालो नाही. लोक मला 'यादीवाले आप्पा' म्हणतात. पोरंटोरं पाठीमागं 'जनगणना आली' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

गाव माण तालुक्याच्या पार पूर्वेच्या टोकाला. टेकडी उतरली की सांगली जिल्हा लागतो. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर मेंढरं घेऊन वाटेला लागायचं, नाहीतर मुंबई गाठायची. अशा गावात लोकांचा राजकारणावर एवढा जीव का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण आहे खरा.

लोकांना वाटतं, निवडणूक म्हणजे सभा, झेंडे आणि रिक्षावरचा कर्णा. ते सगळं वरचं. खरं काम यादीवर चालतं. आपल्या बूथची यादी घ्यायची, घर न् घर फिरायचं आणि प्रत्येक नावापुढं खूण करायची. आपला असला की बरोबरची खूण, त्यांचा असला की फुली. आणि ज्याचं ठरलेलं नाही, जो ऐकून घेतो, उलट चार प्रश्न विचारतो आणि शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही, त्याच्या नावाला गोल. बरोबर आणि फुली शाईनं, गोल मात्र पेन्सिलीनं. हा नियम माझा स्वतःचा.

आम्ही मूळचे मेंढपाळ. आमचे वडील मेंढरांच्या पाठीवर गेरूची खूण करायचे. चारणीला दोन-तीन कळप मिसळले की खुणेवरून आपापली वेगळी काढायची. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, बिनखुणेचं मेंढरू कुणाचं? ते म्हणाले, "मालक सापडंपातूर सगळ्यांचं. जो पाण्यावर जाईल त्यानं त्यालाबी पाजायचं." यादीच्या कामात याच्यापलीकडं मला कुणी काही शिकवलं नाही.

बरोबरच्या खुणेवाल्याला मतदानाच्या दिवशी नुसती आठवण करायची. फुलीवाला दिसला की रामराम घालायचा आणि पुढं व्हायचं. सगळा वेळ जातो तो गोलावाल्यांपाशी. ही माणसं मिरवणुकीत येत नाहीत, दारावर झेंडा लावू देत नाहीत, दोन्ही सभांना जातात आणि मागं बसतात. पक्षातले लोक त्यांना 'कुंपणावरची' म्हणून हिणवायचे. मला ते कधी आवडलं नाही. आमच्याकडं बरोबर आणि फुल्या जवळपास सारख्याच असायच्या, त्यामुळं निवडणूक कुणाची होणार हे हीच माणसं ठरवायची.

काही नग असायचेच. आमच्या खालच्या आळीत एक म्हातारी होती. ती दोन्ही उमेदवारांच्या चिठ्ठ्या देव्हाऱ्यात ठेवायची आणि दोघांनाही "तुलाच रं लेकरा" म्हणायची. मतमोजणी झाल्यावर विरोधी बाजूच्या यादीवाल्याशी मी चहा पीत बोलत होतो, तेव्हा कळलं की दोघांच्याही यादीत तिच्यापुढं बरोबरची खूण होती. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा असं हसता यायचं.

एका पोटनिवडणुकीत मला कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावात उसना धाडलं होतं. तिथं एक निवृत्त शिक्षिका होत्या. दारात उभं करूनच त्यांनी आमचा मागच्या वेळचा जाहीरनामा आणला, लाल पेन्सिलीनं खुणा केलेला. "पुढचं नंतर. यातलं काय झालं ते आधी सांगा," म्हणाल्या. गावात वाचनालय, स्टँडवर बायकांची मुतारी, ओढ्यावर पूल, असं बरंच होतं. माझ्यासोबतचा कार्यकर्ता 'काम प्रगतीपथावर' वगैरे सुरू करणार होता. मी त्याच्या आधी बोललो, "बाई, पूल झालाय, तोबी अर्धा. बाकी काय न्हाई." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, मग आतून पाण्याचा तांब्या आणला. म्हणाल्या, "बसा. मत देईन असं सांगत नाही, पण आता विचार तरी करीन." तुटलेला माणूस परत आणायचा तर आधी आपली चूक पदरात घ्यावी लागते, हे मी त्या दिवशी शिकलो. म्हणून पुढं माझ्या हातून जे झालं, त्याला माझ्याकडं सबब नाही.

हवालदार म्हणजे आमच्या गल्लीतला रघुनाथ. फौजेतून हवालदार होऊन आला आणि गाव त्याचं नाव विसरलं. आम्ही एका वर्गात होतो. सुट्टीत तो आपलं शेत सोडून माझ्यासोबत मेंढरांमागं हिंडायचा आणि घरी जाऊन मार खायचा. म्हातारपणी रोज संध्याकाळी मी त्याच्या दारात जाऊन बसायचो. त्याच्याकडं फौजेतून आणलेली लोखंडी घडीची खुर्ची होती, ती पाहुण्यांसाठी. मी पायरीवर. बसलो की आतून सरूवहिनींचा हात दाराबाहेर यायचा आणि त्यात चहाचा कप असायचा. त्यांनी कधी 'चहा घेणार का' असं विचारल्याचं मला आठवत नाही. टपरीवर चहा प्यालेला कळला तर मात्र बोलणी बसायची.

दर निवडणुकीला हवालदाराच्या नावाला माझा पेन्सिलीचा गोल असायचा. मी त्याच्यापासून लपवायचो नाही. तो यादी माझ्या हातून ओढून घ्यायचा, आपला गोल बघायचा आणि म्हणायचा, "टोक करून ठेव रं गड्या. आमचा काय भरवसा न्हाई." मत आम्हालाच देत असावा, असं मला वाटायचं. त्यानं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आमच्या गल्लीत एका भावकीची दोन घरं राजकारणापायी तुटली होती. एक आमच्या पक्षाचं, एक त्यांच्या. येणंजाणं बंद, लग्नाच्या पत्रिका बंद, एकाच्या घरी मयत झालं तरी दुसरा बांधावरूनच बघणार. हवालदार मधला. एका घरची पुरणपोळी दुसऱ्या घरी पोचवायची तर सरूवहिनी आपल्या पदराखाली न्यायच्या. त्या दोन घरांतली पोरंबाळं एकमेकांना ओळखत होती ती या दोघांच्या जिवावर.

आणि एका सकाळी आमचे साहेब त्यांच्या पक्षात गेले. कुठले साहेब, ते विचारू नका, वाचणाऱ्याला आपल्या तालुक्याचे कुणीतरी आठवतीलच. मलासुद्धा टीव्हीवर कळलं. तीस वर्षं ज्यांच्या नावापुढं फुली मारली ते आपले झाले. आणि आपल्यातले काही जुन्या पक्षात राहिले, ते तिकडचे झाले. मी यादी समोर घेऊन बसलो आणि कुठून सुरुवात करावी तेच कळेना. तरी मी साहेबांबरोबर गेलो. माणसाला एवढ्या वर्षांनी दुसरं कुठं जाता येतं?

पुढच्या महिन्यात देवळासमोर सभा झाली. भाषण संपल्यावर साहेबांनी सवयीनं विचारलं, "कुणाला काय इचारायचं हाय का?" हे नुसतं म्हणायचं असतं. मागून हवालदार उठला.

"साहेब, माझं एकच इचारणं हाय. आमच्या गल्लीतली दोन घरं तुमच्यापायी पंधरा वर्सं बोलत न्हाईत. तुमीच सांगितलं हुतं, त्यांच्या सावलीला उभं ऱ्हाऊ नका. आता तुमी त्यांच्याच गाडीत बसलाय. तर त्या दोन घरांनी आता बोलायचं का न्हाई?"

साहेब विकासाचं काहीतरी बोलले. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते झालं. त्या दोन घरांचं सांगा." लोक हसले. तिथंच घात झाला. नुसता प्रश्न साहेबांनी पचवला असता, हसणं पचलं नाही.

परतताना गाडीत साहेब, मी आणि सुवर्णा होतो. सुवर्णा ही आमच्या पक्षाची नवी कार्यकर्ती, दोन लेकरांची आई, हुशार बाई. यादी आता तिच्या मोबाईलवर होती, खुणांच्या जागी रंग: आपल्याला हिरवा, त्यांच्याला लाल. साहेबांनी विचारलं, "आप्पा, त्यो कुणाचा माणूस?"

मला म्हणता आलं असतं, माझा मित्र आहे, आणि विचारलं ते बरोबर विचारलं. साहेब चिडले होते. माझ्याच गल्लीतला माणूस, ठपका माझ्यावर येणार, असं मला वाटलं. मी म्हणालो, "तिकडचा झालाय, साहेब."

सुवर्णानं मोबाईल काढला. म्हणाली, "काका, मधला रंग वरनंच काढून टाकलाय. हिरवा करू का लाल?"

"लाल कर."

घरी जाऊन मी माझ्या कागदाच्या यादीतही फुली मारली, शाईनं. पेन्सिलीचा जुना गोल खाली दिसत होता, तो खोडायचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी हवालदाराच्या पायरीवर जाणंही मी बंद केलं. कामं आहेत, असं बायकोला सांगायचो. कुठल्या तोंडानं जाणार?

आता दुखवट्याच्या यादीचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात पुढारी लग्नाला नाही आला तरी चालतं, पण मयताच्या घरी आला नाही तर माणूस ते विसरत नाही. म्हणून दर रविवारी साहेबांचा दौरा असायचा. कुठल्या गावात कुणाकडं मयत झालंय, त्या घरांची यादी आमच्या भागापुरती मी द्यायचो. गाडीतून उतरायचं, दोन मिनिटं गप्प बसायचं, 'कसं काय झालं' म्हणून विचारायचं, घोटभर पाणी प्यायचं. एवढंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीसाठी लोक अंगण सारवून वाट बघत बसतात.

सरूवहिनी चार दिवसांच्या दुखण्यात गेल्या. मी मातीला गेलो, सावडायला गेलो. हवालदार कुणाशीच बोलत नव्हता, त्यामुळं माझ्याशी बोलला नाही याचं मला उलट हायसं वाटलं. त्याच आठवड्यात त्या दोन घरांपैकी साहेबांच्या बाजूच्या घरातले म्हातारबाही वारले. रविवारी साहेबांचा दौरा ठरला. यादी मी दोन्ही घरांची दिली होती. पण ऑफिसातून छापून आली तेव्हा त्यात एकच घर होतं. लाल नावं यंत्रानंच गाळली होती. सकाळी मी कागद पाहिला. खिशाला पेन होतं. गाडी त्याच गल्लीतून जाणार, हवालदाराच्या दारावरूनच जाणार, ऐनवेळी सांगू, असं म्हणून मी कागद घडी करून ठेवला.

साहेब येणार हे गल्लीला कळलं होतं. गाडी वळली तेव्हा मला पुढच्या सीटवरून सगळं दिसलं. हवालदारानं अंगण झाडून पाणी मारलं होतं. सतरंजीवर शेजारपाजारची माणसं बसली होती. मधोमध ती लोखंडी खुर्ची मांडलेली, आणि तो खांद्यावरच्या टॉवेलनं ती पुसत होता. गाडी पाहून तो सरळ उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "हितंच का?" साहेबांनी हातातला कागद पाहिला. "न्हाई, म्होरं."

मला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं.

गाडी पुढं गेली. काचेतून हवालदारानं मला बघितलं. त्याचे हात तसेच जोडलेले होते. ते हात मला अजून दिसतात. या धंद्यात मी खोटंनाटं बरंच केलं असेल, पण लाज वाटली ती तेव्हाच.

संध्याकाळी मी गेलो. त्यानं मला पाहिलं, उठला, भिंतीला लावलेली खुर्ची उघडली आणि माझ्यापुढं ठेवली.

"या आप्पासाहेब. बसा."

साठ वर्षांत त्यानं मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. त्यानं आत जाऊन स्वतः चहा केला, कपबशीतून आणला. "घ्या. साहेबांना येळ नसंल, मोठ्या माणसांना कामं असत्यात," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या माणसाला आमच्याकडं शिव्या देतात. मान देऊन बसवतात ते परक्याला.

निवडणूक आली. आमची गल्ली, गल्लीशेजारची आळी, जिथं जिथं माझे पेन्सिलीचे गोल होते, तिथली सगळी माणसं हातची गेली. कुणी तावातावानं बोललं नाही, कुणी दारातून हाकललं नाही. काही तिकडं गेली, काही मतदानालाच आली नाहीत. सतरंजीवर बसलेल्या दहा-बारा माणसांनी ती गाडी जाताना पाहिली होती. एक सरळ प्रश्न विचारला म्हणून बायकोच्या दुखवट्यालाही कुणी थांबत नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ऑफिसनं पराभवाची कारणं लिहून मागवली. मी लिहिलं, 'पाण्याचा प्रश्न'.

मग वरून निरोप आला की मधल्या माणसांकडं जा. वा! मधला रंग काढून टाकणारे हेच. मी आणि सुवर्णा वर्षभर फिरलो. तिला मी कृष्णाकाठच्या बाईंची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, "आधी कबूल कर, मग बोल." तिनं ते छान उचललं. "चुकलं आमचं, मावशी," असं म्हणून ती बाईमाणसांत बसायची, निवडायला शेंगा घ्यायची. एक एक घर परत बोलायला लागलं. साहेबही हवालदाराकडं आले. सरूवहिनींच्या फोटोला हार घातला, त्या लोखंडी खुर्चीवर बसले, फोटो निघाला. हवालदार म्हणाला, "लय उपकार झालं साहेब, येळ काढला." सुवर्णा बाहेर येऊन म्हणाली, "काका, आले बघा हवालदार."

पुढच्या वेळेला बूथ आमचा झाला. मतं परत आली होती, यात शंका नाही. विजयाची सभा त्याच देवळासमोर झाली. हवालदाराला पुढच्या ओळीत बसवलं होतं, मांडीवर शाल. साहेबांनी भाषण संपवलं आणि विचारलं, "कुणाला काय इचारायचं हाय का?"

कुणी उठलं नाही. मी मागच्या ओळी बघितल्या, एकेक नाव मला पाठ. सगळी माझी गोलावाली माणसं, हात बांधून बसलेली. हवालदारही शालीकडं बघत बसला होता. मी उभा राहिलो. माईक नव्हता ते बरं.

"साहेब, त्या दोन घरांनी बोलायचं का न्हाई, ते सांगायचं ऱ्हायलंय."

साहेब हसले. "आप्पा, आता तुमीबी?"

"आणि दुसरं. हवालदाराच्या दारात त्या दिवशी गाडी थांबली न्हाई. लोक तुमाला बोल लावत्यात. तुमी मला इचारलं हुतं ह्यो कुणाचा, तवा मी तिकडचा म्हणून सांगितलं. ते खोटं हुतं. त्यो कुणाचाच नव्हता. खरं बोलणारा माणूस हुता, एवढंच."

पुढं काय बोललो ते आठवत नाही. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि सभा संपली. सुवर्णा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, साहेब इचारत हुते. तुमच्या नावापुढं आता काय करू?"

"गोल कर."

"गोल न्हाई ओ त्यात."

"मग पेन्सिल घे."

ती हसली नाही. माझ्या खिशातली पेन्सिल तिनं मागून घेतली आणि गेली.

माणसं पांगली. हवालदार शाल काखेत मारून पुढं चालला होता, मी मागं. त्यानं वळून पाहिलं नाही, पण चाल हळू केली होती. त्याच्या दाराशी आलो. मी भिंतीला लावलेल्या खुर्चीकडं हात नेला.

"कुणाला पायजे खुर्ची?" तो म्हणाला. "बस की खाली."

मी पायरीवर बसलो. तोही बसला. त्या दोन घरांपैकी एकातला नातू सायकलवरून दुसऱ्या घराच्या दारावरून गेला, थांबला नाही.

"फुली मारली हुतीस व्हय मला," तो म्हणाला.

"व्हय."

"सरू इचारायची रं. आप्पा का येत न्हाई संध्याकाळचं म्हणून. दवाखान्यातबी इचारलं तिनं."

"तू काय सांगितलंस?"

"म्हणलं, इलेक्शन हाय. येळ नसंल त्याला."

सवयीनं माझं लक्ष आतल्या दाराकडं गेलं. त्याचंही गेलं. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला. "थांब गड्या," म्हणाला, "च्या ठेवतो."